साताऱ्याचे डोंगर त्रिकोणी नसतात: पाचवी ते आठवीच्या चित्रकलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी बावीस वर्षं चित्रकला शिकवते. पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, अगदी दवाखान्यात नंबर लावून बसलेली असतानाही लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांचे फोन येतात ते वेगळेच. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. प्रश्नांचे शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. तुम्ही ज्यांना "मधली मुलं" म्हणता ती नक्की कुठल्या इयत्तेची?

पाचवी ते आठवी. वय साधारण दहा ते चौदा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर आहे, पण आपल्याकडे पाचवी बऱ्याच ठिकाणी हायस्कूललाच जोडलेली असते, म्हणून मी तिलाही यात धरते.

२. चौथीपर्यंत आमच्या पोरीनं घराच्या भिंतीसुद्धा सोडल्या नव्हत्या. सहावीत गेली आणि आता वही उघडायलाच तयार नाही. काय बिनसलं?

काही बिनसलेलं नाही. तिची नजर पुढे गेली आणि हात मागे राहिला, एवढंच. आठ वर्षांचं मूल आईला घरापेक्षा उंच काढतं आणि खूश असतं. अकराव्या-बाराव्या वर्षी त्याच मुलाला चित्रातली चूक दिसायला लागते. दिसते, पण सुधारता येत नाही. मग खोडरबर सुरू होतो, कागदाला भोक पडतं, आणि शेवटी "बाई, मला चित्र येत नाही" हे वाक्य येतं. बहुतेक मोठी माणसं त्याच वाक्यावर थांबलेली असतात. तुम्हीही थांबला असाल.

एक प्रसंग सांगते. सहावीतली एक मुलगी म्हैस काढत होती. घरी दोन म्हशी, रोज संध्याकाळी धारेच्या वेळी ही आईशेजारी बसणारी. तरी मागचे पाय जमेनात. पाच वेळा खोडलं, डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "मागचा पाय कुठं मोडतो, पुढं का मागं?" म्हणाली, "पुढं, आपल्यासारखा." मी म्हटलं, आज धारेला बसशील तेव्हा बघ. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापासूनच ओरडत आली, "बाई, उलटा मोडतो!" मग तिला सांगितलं की तो गुडघा नव्हेच, ती म्हशीची टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ असतो. म्हैस चवड्यांवर चालते म्हणा ना. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या पोरांनी आपापल्या टाचा चाचपून बघितल्या.

घरी करायचं ते इतकंच: "वा, छान!" असं न बघता म्हणू नका, आणि "गाय अशी असते होय?" असंही म्हणू नका. ती जे काढतेय ते खरं कुठे बघायला मिळेल, तिथे तिला घेऊन जा. आणि महिनाभर पेन्सिल काढून घेऊन साधं बॉलपेन द्या. खोडता येत नाही म्हटल्यावर पोरं आधी बघतात आणि मग रेघ ओढतात.

३. मी गणिताचा शिक्षक. वेळापत्रकात चित्रकला माझ्या गळ्यात पडली आहे. मला स्वतःला साधा आंबा काढता येत नाही. काय शिकवू?

तुमच्यासारखे खूप आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तिथे कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असायला हवेत. छोट्या शाळा त्यातून सुटतात, मोठ्या शाळांतही जागा भरलेली असतेच असं नाही. तेव्हा तास तुमच्याकडे येणारच.

चांगली गोष्ट अशी की या वयाला चित्र काढून दाखवणाऱ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारणारा जास्त उपयोगी पडतो, आणि प्रश्न विचारणं तर गणिताच्या शिक्षकाचं कामच. पहिल्या तीन तासांसाठी माझं ऐका.

पहिला तास: डावा हात बाकावर, उजव्या हातानं तो काढायचा. डावखुऱ्यांनी उलट. अट अशी की कागदाकडे बघायचं नाही, नजर बोटाच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायची आणि पेनही तेवढ्याच चालीनं. चित्रं हास्यास्पद होतील. सगळ्यांचीच होतील, तुमचंही होईल, म्हणून कुणाला लाज वाटणार नाही. पण जवळून बघा, नखाजवळची एखादी रेघ इतकी खरी आलेली असते की मूल स्वतःच चमकतं.

दुसरा तास: दप्तरातली एक वस्तू. कंपासपेटी, पाण्याची बाटली, डब्याचं झाकण. तुम्ही बाकांमधून फिरत फक्त विचारायचं: जास्त उंच की जास्त रुंद? किती पट? झाकणाची गोल कड तुझ्या जागेवरून गोलच दिसते का चपटी? हे प्रमाण आहे, तुमचाच विषय.

तिसरा तास: वस्तू नाही काढायची, तिच्याभोवतीची मोकळी जागा काढायची. खुर्चीच्या पायांमधले पोकळ आकार. खुर्ची आपोआप उमटते.

तीन तास झाले की तुमचं तुम्हालाच सुचायला लागेल.

४. फळ्यावर चित्र काढायचं आणि मुलांनी उतरवायचं, यात वाईट काय? आम्ही असंच शिकलो.

आपण असंच शिकलो म्हणूनच आपल्या सगळ्यांना एकच निसर्गचित्र येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. वर चार वाकड्या रेघांचे पक्षी.

आता शाळेच्या खिडकीतून बाहेर बघा. साताऱ्यात असाल तर समोर अजिंक्यतारा आहे. त्याला टोक आहे का? माथा सपाट, वरच्या बाजूला काळ्या कड्याची पट्टी, खाली उतार, मग पुन्हा एक पायरी. यवतेश्वर तसाच. वाईतून पांडवगड बघा, पाचगणीचं टेबललँड बघा. हा सगळा लाव्हाच्या थरांचा मुलूख, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट. भूगोलाच्या तासाला मुलं "बेसाल्ट" पाठ करतात आणि पुढच्याच तासाला खिडकीकडे पाठ करून त्रिकोण काढतात. नारळाच्या जागी बाहेर बाभूळ, कडुलिंब नाहीतर उसाचा फड असतो.

म्हणून सातवीच्या पहिल्याच तासाला मी एकच सांगते: साताऱ्यात राहून त्रिकोणी डोंगर काढायचा नाही. सांगलीकडच्या सपाट भागातल्या शिक्षकांनी डोंगरच काढू नयेत. कृष्णेचा घाट आहे, आयर्विन पूल आहे, द्राक्षांचे मांडव आहेत, बेदाण्याची शेड आहे. पुलाच्या कमानी मोजून काढायला लावा.

फळा वापरायचाच नाही असं मात्र नाही. मीही वापरते. एखादी युक्ती दाखवायची असेल, जसं की दूरची गोष्ट लहान कशी दिसते, तर दोन मिनिटांत काढून दाखवायची आणि मुलांनी सुरुवात करायच्या आत पुसून टाकायची. फळ्यावर चित्र राहिलं की पोरं तेच उतरवतात. पुसलं की ज्याचं त्याला आठवावं लागतं.

५. तास पस्तीस मिनिटांचा. कागद वाटेपर्यंत घंटा होते. कसं जमवायचं?

मुख्याध्यापकांना सांगून दोन तास जोडून घ्या. आठवड्याला दोन सुटे तास असण्यापेक्षा एक जोडतास परवडतो. रंगकाम तर सुट्या तासात घेऊच नका. पाणी आणण्यात आणि सांडण्यात वेळ जातो. सुट्या तासाला पेन, कोळसा, कागद फाडून चिकटवणं, असलं कोरडं काम. कागद आदल्या दिवशी मॉनिटरकडे मोजून द्यायचे. आणि चित्र तासात पूर्ण झालंच पाहिजे हा आग्रह सोडा. सातवी-आठवीची पोरं एकच चित्र तीन आठवडे आनंदानं करतात, आपणच घाई करतो.

६. साहित्याला अनुदान नाही, पालक रंगपेटी घेऊन देत नाहीत. काय करू?

आधी कागद. लग्नपत्रिकांची कोरी बाजू जाड आणि उत्तम असते; लग्नसराई संपली की मुलांना घरोघरच्या पत्रिका जमवायला सांगा. गठ्ठेच्या गठ्ठे येतात. मोठ्या कामासाठी किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी.

काळ्यासाठी चुलीतला कोळसा. तो तसाच ठिसूळ असतो, तेव्हा बोटाएवढा सरळ तुकडा निवडायचा. पांढऱ्यासाठी खडू. खोक्याच्या तपकिरी पुठ्ठ्यावर कोळसा आणि खडू एवढ्या दोनच गोष्टींनी छायाप्रकाश फार छान शिकवता येतो, कारण मधली छटा पुठ्ठ्याचीच असते.

रंग म्हणाल तर हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपली पोरं पिवळ्या रंगासाठी स्टेशनरीच्या दुकानात जातात! बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात हळद घोटायची. लख्ख पिवळा मिळतो. मग एका वाटीत त्यातलाच थोडा घेऊन पानाच्या दुकानातल्या चुन्याची निवळी चमचाभर घालायची. वर्ग श्वास रोखून बघत असतो आणि पिवळ्याचा विटकरी लाल होतो. कुंकू असंच करायची पूर्वी. त्या लालवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आमचे विज्ञानाचे सर आम्ल आणि आम्लारीचा धडा आता माझ्या तासालाच घेतात.

दोन सूचना. चुना मुलांच्या हातात द्यायचा नाही, निवळी शिक्षकानंच घालायची. डोळ्यात गेला तर वाईट. आणि हळदीचा रंग उन्हात उडतो. खिडकीजवळ लावलेली आमची चित्रं दिवाळीच्या सुट्टीनंतर फिकुटली होती. टिकाऊ रंग हवा असेल तर माती. महाबळेश्वर-पाचगणीकडची तांबडी आणि कृष्णाकाठची काळी, दोन्ही वस्त्रगाळ करून त्याच डिंकात घोटायच्या. माती उडत नाही.

७. निळा आणि लाल मिसळून जांभळा होतो असं पुस्तकात आहे. आमच्या वर्गात कायम चिखल होतो. चूक कुणाची?

पेटीतल्या लालची. स्वस्त पेटीतला लाल बहुधा शेंदरीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश असतो. निळ्यात तो गेला की तिन्ही मूळ रंग एकत्र आले, मग मळका तपकिरीच होणार. पोस्टर कलरची सुटी बाटली मिळते, त्यात क्रिमसन मागा, गुलाबीकडे झुकणारा लाल. वर्गाला दोन बाटल्या पुरतात. मात्र चिखल झाला म्हणून कुणाला बोलू नका. म्हशीच्या अंगाला तोच रंग लागतो.

८. मातीकाम घ्यायचं आहे, पण वाळल्यावर सगळं तडकतं. शिवाय शाडू महाग पडतो.

शाडू कशाला हवा? बेंदराचे बैल तुमच्या आज्जीनं शाडूचे केले होते का? आषाढात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, येतो, त्याच्या आधीचा आठवडा मी दरवर्षी मातीकामाला राखून ठेवते. तेव्हा पोरांच्या डोक्यात बैलाशिवाय दुसरं काही नसतंच.

आपली काळी माती वाळताना खूप आकसते, म्हणून तडकते. तिच्यात न आकसणारं काहीतरी घालावं लागतं. माझं प्रमाण अनुभवातून आलेलं आहे: चार वाट्या चाळलेली काळी माती, एक वाटी बारीक वाळू किंवा चुलीची चाळलेली राख, आणि मूठभर बारीक भुसा. ओली करून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी कणकेसारखी मळायची, आपटायची. आपटण्याचं काम वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाकडे द्या. आत हवा राहता कामा नये.

मुलं नेहमी धड वेगळं, पाय वेगळे करतात आणि नुसते चिकटवतात. वाळले की चार पाय बाकावर आणि बैल जमिनीवर. एकाच गोळ्यातून पाय ओढून काढायला शिकवा. गोळा लांबट करायचा, दोन्ही टोकांना खालून चिमटीत धरून पाय ओढायचे, वरून मान आणि वशिंड. शिंगं जोडायची असतील तर दोन्हीकडे काडीनं चरे पाडून, मध्ये पातळ चिखल लावून, मग दाबायची. धड जाड असेल तर पोटाखालून अंगठ्यानं पोकळ करायचं. आणि वाळवण सावलीत, कधीही उन्हात नाही.

जमलं तर एक दिवस कुंभारवाड्यात जा. आमच्या गावच्या कुंभारमामांनी आठवीच्या पोरांना एकच गोष्ट सांगितली होती, "हात ओला ठेवा, माती ओली करू नका." मी तोवर सहा वर्षं उलट सांगत होते.

भाजायची गरज नाही. पूजा झाली की बैल पाण्यात विरघळवायचे, तीच माती पुढच्या वर्षी. दिवाळीच्या किल्ल्यालाही हीच चालते. किल्ला मात्र गटानं, वर्गाच्या मागच्या पडवीत, आणि खऱ्या गडाचा नकाशा समोर ठेवून. सज्जनगड करायचा तर सज्जनगडासारखा.

९. श्रेणी कशी द्यायची? सगळ्यांना "अ" देऊन टाकू का?

देऊन टाकतात बरेच जण. मला ते पटत नाही, आणि नुसतं हातात कसब असलेल्याला "अ" देणंही पटत नाही. आकारिक मूल्यमापनात वर्षभराची नोंद अपेक्षित असते, तेव्हा मी प्रत्येकाचं जूनमधलं आणि फेब्रुवारीतलं एकेक चित्र फाईलला ठेवते आणि त्या दोघांतलं अंतर बघते.

वर्णनात्मक नोंदीत "चित्रे सुंदर काढतो" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. "फांदी खोडाकडून टोकाकडे बारीक होत जाते हे निरीक्षणाने दाखवतो" किंवा "रंग भरताना घाई करते, पण आकार स्वतःचे असतात" असं लिहा. पालकाला वाचून मूल ओळखता आलं पाहिजे.

१०. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला कधी बसवायचं? त्यानं खरंच मार्क मिळतात का?

आमच्याकडे मुलं साधारणपणे आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट देतात. या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं. दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात ते इंटरमिजिएटचे: अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. एलिमेंटरीला दहावीचे गुण नाहीत, हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर नंतर भांडण होतं.

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे पेपर असतात. "परीक्षेनं सर्जनशीलता मरते" असं काही जण म्हणतात. परीक्षेनं नाही मरत, परीक्षेसाठीच्या ठोकळ्यांनी मरते. स्मरणचित्रासाठी "बाजार", "बसस्टॉप", "पाणवठा" अशी चार तयार चित्रं पाठ करून घेतात. पोरं बसस्टॉपवर कधीच न दिसणारी टोपीवाली माणसं काढतात. त्यापेक्षा मुलाला गावच्या आठवडी बाजारात वही घेऊन दोन रविवार बसवा: भाजीवाली वजन करताना कशी झुकते, पिशवी कुठल्या खांद्याला असते. प्रश्न ३ मधले तीन तास ज्यांनी सहावीत केलेत, त्यांना वस्तुचित्राच्या पेपरची भीती वाटत नाही. सहावीपासून परीक्षेचा क्लास लावायची अजिबात गरज नाही.

११. मोबाईलवर व्हिडिओ बघून चित्र काढतो. चालेल का? आता तर मोबाईलच चित्र काढून देतो.

कोळसा कसा पुसायचा, ब्रश कसा धरायचा हे व्हिडिओतून शिकला तर चालेल. व्हिडिओतलं चित्र टप्प्याटप्प्यानं उतरवणं हे फळ्यावरून उतरवण्यासारखंच (प्रश्न ४).

एआयनं काढलेलं चित्र गेल्या वर्षी एका पोरानं गृहपाठ म्हणून छापून आणलं. विषय होता "आमची गल्ली". चित्र झकास होतं. मी म्हटलं, यात तुझं घर दाखव. तो गप्प. मग सगळ्या वर्गानं मिळून त्या चित्रात आमच्या गावात नसलेल्या गोष्टी शोधल्या. सव्वीस निघाल्या. इतका रंगलेला तास वर्षभरात झाला नाही.

१२. सहलीत कला बघायला कुठे न्यावं? पुण्या-मुंबईला जाणं परवडत नाही.

पुण्या-मुंबईची माणसं जिथे येतात तिथे आपण जात नाही, त्याला काय म्हणायचं? औंधला जा. खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांनी आपला संग्रह तिथे लोकांसाठी ठेवला. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं छोटं दगडी शिल्पही आहे.

शाळांच्या सहली तिथे रांगेनं आत जातात आणि वीस मिनिटांत रांगेनं बाहेर येतात. तसं करू नका. चार-चार मुलांचा गट करा, प्रत्येक गटाला एकच चित्र द्या आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं बसवा. प्रश्न साधे: उजेड कुठल्या बाजूनं येतोय? साडीची घडी कुठे मोडते? चित्रातली बाई आत्ता काय करायच्या बेतात आहे? मग हेन्री मूरसमोर सगळ्यांना एकत्र. त्याला ना धड डोळे ना बोटं. आमची पोरं आधी फिदीफिदी हसली. मग एक सातवीतला मुलगा म्हणाला, "बाई, चेहरा नाय तरी आईच वाटतीया." मी काही समजावून सांगितलं नाही, गरजच उरली नव्हती.

वाईकडच्या शाळांना मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा जवळ. भिंतींवर चित्रं आहेत, ती कुठे कुठे पुसट झालीत. जिथे पुसलंय तिथे काय असेल ते मुलांना आपल्या वहीत पुरं करायला सांगा. भिंतीला हात लावायचा नाही, हे दारातच बजावा. मिरजेकडच्यांनी तंतुवाद्यांच्या कारखान्यात जावं. भोपळ्याचा तंबोरा होताना बघणं हाही चित्रकलेचाच तास आहे.

१३. माझा मुलगा फक्त ट्रॅक्टर काढतो. दोन वर्षं झाली. काळजी करू का?

नको. ट्रॅक्टरच काढू द्या, फक्त अवघड करत जा. मागून कसा दिसतो? ट्रॉली जोडल्यावर? चिखलात रुतलेला? कारखान्याच्या रांगेत ऊस भरून उभे असलेले दहा ट्रॅक्टर, पुढचा मोठा आणि शेवटचा बारका? अशा मुलाला अंतर आणि कोन ट्रॅक्टरमधूनच येतात. बैलगाड्या शर्यतीवाले, कार्टूनवाले, घोड्यावरचे महाराज काढणारे, सगळ्यांना हेच लागू. घोडा काढणाऱ्यांनी मात्र प्रश्न २ मधली टाच वाचावी.

१४. स्पर्धेला पाठवावं का? आमच्या मुलाला कधीच नंबर येत नाही.

नंबर कशाला येतो ते आधी बघा. एका स्पर्धेला मी परीक्षक होते. शंभरेक चित्रांत जवळजवळ सगळीकडे तोच हातावर धरलेला पृथ्वीचा गोल आणि तेच झाड. एका पाचवीतल्या पोरीनं आटलेल्या विहिरीत वाकून बघणारी स्वतःची आज्जी काढली होती, पाठमोरी, नऊवारीचा काष्टा अगदी बरोबर. मी तिला पहिला नंबर दिला. आयोजकांनी "विषय स्पष्ट होत नाही, घोषवाक्य नाही" म्हणून तो बदलला. तेव्हापासून मी परीक्षक म्हणून जात नाही. मुलांना जायचं असेल तर मी जाऊ देते, खाऊ मिळतो, दुसऱ्या गावची मुलं भेटतात. नंबर आला नाही तर त्यावरून मुलाची पारख करू नका.

१५. आठवीतला एक मुलगा झाडाची पानं तपकिरी आणि खोड हिरवं रंगवतो. चेष्टा करतोय का?

बहुधा नाही. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा तपासून घ्या. तो जन्मजात असतो, आईकडून येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ जास्त आढळतो. बऱ्याच घरांत आठवीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या पाटीवर पाच मिनिटांत कळतं. वर्गासमोर काही बोलू नका. त्याच्या रंगांच्या बाटल्यांवर नावं लिहून द्या आणि कोळसा, शाई, मातीकाम यांत त्याला पुढे करा. उजेड-सावलीची जाण अशा मुलांत कमी नसते.

१६. एक मुलगी सतत काळ्या रंगात, रडणाऱ्या नाहीतर मारहाणीच्या आकृत्या काढते. काय समजायचं?

एका चित्रावरून काहीच समजायचं नाही. काळा रंग या वयात नुसता आवडतोही, आणि पोरं सिनेमे बघतात. "हे तू असं का काढलंस?" विचारलं की दार बंद होतं, "यात काय चाललंय, मला सांगशील?" असं बाजूला बसून विचारा. तेच तेच चित्र आठवडेच्या आठवडे येत असेल, सोबत वागणंही बदललं असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर मुख्याध्यापकांशी आणि समुपदेशकांशी बोला. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे. ते चित्र दुसऱ्या कुणाला दाखवू नका, स्टाफरूममध्ये तर मुळीच नाही.

१७. पुढे यात करिअर आहे का?

आहे, पण हा प्रश्न सातवीत विचारू नका. दहावीनंतर पायाभूत अभ्यासक्रमासारखे मार्ग आहेत, बारावीनंतर पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे आणि तिथे गावाकडची मुलं पूर्वीपासून जातात.

१८. मुलाचं चित्र थोडक्यात चुकलेलं असतं. मी दोन रेघा मारून नीट करून दिलं तर काय बिघडलं?

मुलाच्या कागदावर आपलं पेन लावायचं नाही. सांगायचंच असेल तर शेजारी वेगळ्या चिठोऱ्यावर काढून दाखवा आणि चिठोरा परत घ्या. याला माझ्याकडे एकच अपवाद आहे: मुलानं स्वतः म्हटलं तर, आणि तेही त्यानं बोट ठेवलेल्या जागेपुरतं.

मी नवीन होते तेव्हा एका पाचवीतल्या मुलानं काढलेल्या बापाच्या चित्रात एक हात आखूड होता. मी तो सरळ लांब करून दिला, नीट पाची बोटं काढली. तो काही बोलला नाही. पुढे पालकसभेला त्याचे वडील आले. ऊस गाळायच्या चरकात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेलेला होता.